एमडीएफच्या धुळीचं पण लिहा

मा. संपादक,

घरच्या घरी एमडीएफचं बुकशेल्फ कसं बनवायचं हा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, मापं वगैरे छान दिलीयत पण धुळीबद्दल एक ओळ नाही म्हणून हे पत्र.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनमध्ये कालवून गरम प्रेसखाली दाबलेला बोर्ड. गाठी नाहीत, रेषा नाहीत, त्यामुळे कापायला सोपा आणि रंग एकदम गुळगुळीत बसतो, हे खरंच आहे. पण कापताना साध्या लाकडासारखा जाड भुसा पडत नाही, मैद्यासारखी पूड उडते आणि कितीतरी वेळ हवेत राहते. लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने गट १ मध्ये टाकलेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या यादीत. सुट्टीत एखादं शेल्फ बनवणाऱ्याने लगेच घाबरायचं कारण नाही, मला काळजी वाटते ती रोज हेच करणाऱ्या सुतारांची. कुठल्याही बिल्डिंगमध्ये फर्निचरचं काम चालू असेल तिथे डोकावा, शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून दारं-खिडक्या बंद, आत दोन पोरं कटर चालवतायत आणि तोंडाला फक्त रुमाल. रुमालाने ही धूळ थांबत नाही हो, निदान एन-९५ तरी पाहिजे, आणि किचनवर लाखो खर्च करणाऱ्या मालकाला चार मास्क आणून द्यायचं सुचत नाही (बिजागऱ्यांच्या भावात मात्र तासभर घासाघीस). तुमचा पेपर मालक लोकच वाचतात, तेव्हा हे छापाच.

आता घरी करणाऱ्यांसाठी. शक्यतो प्लायवाल्याकडूनच पॅनल सॉवर (अख्खी शीट कापायचं मोठं मशीन) मापाने कापून घ्या. १८ एमएमची ८ बाय ४ ची अख्खी शीट साधारण ४० किलो भरते, ती लिफ्टमध्ये पण जात नाही. मग घरी उरतं फक्त ड्रिल आणि जोडणी, त्यात पण कडेत स्क्रू थेट पिळू नका, बोर्ड मधूनच फाटतो, आधी बारीक भोक पाडा आणि कोपऱ्यापासून जरा लांब. उघडी कड पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एकदा फुगली की परत बसत नाही, म्हणून भिंतीकडची बाजू धरून सगळीकडे सीलर मारा. एचडीएचएमआर नावाच्या जास्त दाट बोर्डला दुकानदार बिनधास्त वॉटरप्रूफ म्हणतात, तो ओल जास्त सोसतो एवढंच, सिंकखाली पाणी साचलं तर त्याचंही काही खरं नाही. घेताना बोर्डवर आयएस १२४०६ चा (एमडीएफसाठीचं भारतीय मानक) छाप बघा आणि ई१ आहे की ई० ते विचारा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड किती बाहेर पडतं त्याची प्रत, ई० मध्ये कमी.

आणि काम झाल्यावर झाडू अजिबात नको, बसलेली सगळी पूड परत उडते, ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि तोपर्यंत मास्क काढू नका.

– एक वाचक, डोंबिवली