गाडीची काच आणि डॅशबोर्डवरचा तो बाण

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की नागपुरात घरोघरी एक वाद ठरलेला असतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवून जायचे, की लावून एसी सुरू करायचा? एकाला पेट्रोलची काळजी असते, दुसऱ्याला ऊन लागण्याची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण एसीच्या शेजारी एक बटण असते, गाडीच्या चित्रात वळसा घेणारा बाण असलेले, आणि त्याचे नाव या वादात कधी निघत नाही. ते दाबले की बाहेरची हवा आत येणे थांबते आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. काच लावल्यावर आपण कोणती हवा घेतो, हे या बटणावर ठरते. अनेकांच्या गाडीत ते गाडी घेतल्या दिवसापासून एकाच स्थितीत पडून असते, म्हणून हे पत्र.

पेट्रोलचा हिशोब आधी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाने. मध्यम आकाराच्या गाडीला ताशी ५० किलोमीटर वेगाला त्यासाठी साधारण एक किलोवॅट लागतो, १०० ला आठ, आणि १२० ला चौदाच्या आसपास. उघड्या काचांमुळे हा अडथळा दहा टक्क्यांनी वाढला असे धरू. सीताबर्डी ते सदर एवढ्या अंतरात त्याने काहीच फरक पडत नाही. उलट एसीचा कॉम्प्रेसर भर उन्हात दोन-तीन किलोवॅट सहज खातो. म्हणून शहरात उघडी काच स्वस्त. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला मात्र उघड्या काचांचा भुर्दंड दीड किलोवॅटच्या जवळ जातो आणि गारवा एकदा धरला की एसीचा खर्चही त्याच घरात येतो. ताशी ८० च्या वर काच लावणेच फायद्याचे, असे जे सांगितले जाते ती काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. गाडीचा आकार, बाहेरचे तापमान, आत किती माणसे, यांवर ती सरकते. मोठ्या रस्त्यावर काच लावायची ती आवाज, धूळ, किडे आणि अंगावर आदळणारा वारा यांनी चालकाचे लक्ष उडू नये म्हणून. पेट्रोलचा फरक तिथे किरकोळ आहे. पेट्रोल खरे जाते ते उभ्या गाडीत एसी लावून बसल्याने: तासाला साधारण लिटरभर.

आता उन्हाळा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेरची हवा ४४-४५ अंशांवर असते आणि आपली कातडी ३५ च्या आसपास. अशा वेळी खिडकीतून येणारा वारा अंग निववत नाही, तापवतो. घाम येता येताच वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. दुपारी बारा ते चार या वेळात गाडीत लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर काच लावून एसी सुरू करावा. त्या दिवशी पेट्रोल मोजू नये. एसी नसलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीत ओला दुपट्टा मानेभोवती गुंडाळावा, प्यायला पाणी जवळ ठेवावे, आणि जाणे शक्यतो सकाळवर ढकलावे.

उन्हात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीत बसताना एक क्रम पाळला तर एसीवरचा बराच भार कमी होतो. चालकाची काच पूर्ण खाली करावी, मग तिरप्या कोपऱ्यातला, म्हणजे मागचा डावा दरवाजा चार-पाच वेळा उघडून लावावा. पंख्याने ढकलावी तशी आत कोंडलेली गरम हवा बाहेर पडते. त्यानंतर चारही काचा उतरवून, एसी सुरू करून, पंखा पूर्ण वेगात आणि बाण बंद, म्हणजे बाहेरची हवा घेत, गाडी हलवावी. पहिला किलोमीटरभर असेच जावे. आत साठ अंशांच्या वर तापलेली हवा असताना बाहेरची ४४ अंशांची हवाच तुलनेने थंड असते, मग साठवाली हवा गार करायला एसीला का जुंपायचे? दोन-तीन मिनिटांनी काचा लावाव्यात आणि बाण दाबावा. गाडी गार झाली की पंखा कमी करून तापमान २४-२५ वर ठेवावे. गाडी जागेवर उभी ठेवून ‘आधी गार होऊ दे’ म्हणणे चूक आहे. इंजिन मंद चालते म्हणून कॉम्प्रेसरही मंद फिरतो, आणि पुढच्या जाळीतून वारा जात नसल्याने कंडेन्सरची, म्हणजे एसीने आतून ओढलेली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, उष्णता नीट बाहेर पडत नाही. या कंडेन्सरवर वर्षभराची धूळ बसलेली असते. एप्रिलमध्ये एकदा तो कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्यावा. जोराच्या फवाऱ्याने त्याची पातळ पाती वाकतात आणि एसी आणखी बिघडतो.

दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक निरोप फिरतो, की तापलेल्या डॅशबोर्डमधून बेंझिन निघते आणि काच न उघडता एसी लावला तर कर्करोग होतो. या दाव्याला आधार नाही. काचा आधी उघडायच्या त्या कोंडलेली उष्णता घालवण्यासाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

यापुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. विश्रांती घेणारा मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चौघांचा झाला ७२ लिटर. गाडीतली एकूण हवा तीन घनमीटर, म्हणजे ३००० लिटर धरली, तर पूर्ण बंद डब्यात तासाला २.४ टक्के भर पडेल, मिनिटाला ०.०४ टक्के. बाहेरच्या हवेत हा वायू मुळात असतोच ०.०४ टक्के. म्हणजे दर मिनिटाला बाहेरच्या हवेइतकाच आणखी! गाडीच्या फटींमधून थोडी हवा येत राहते, म्हणून प्रत्यक्षात वाढ इतकी वेगाने होत नाही, पण काच लावून, बाण दाबून आणि चौघे बसून पाऊण तास गेला की हवा चांगलीच कोंदट झालेली असते. त्यात हे विष वगैरे नसते. होते एवढेच की डोके जड होते, जांभया येतात, नजर रस्त्यावर असूनही मन तिथे नसते. मागे बसलेली मंडळी झोपतात आणि सगळे म्हणतात, जेवण जड झाले. शिवमडक्याहून निघून समृद्धीवर लागले की सरळ, एकसारखा रस्ता तासन्‌तास चालतो. चालकाला गुंगी आणायला एवढे पुरे असते, त्यात कोंदट हवेची भर कशाला?

उपाय सोपा आहे. पंधरा-वीस मिनिटे आतली हवा फिरवली की दोन-तीन मिनिटे बाण बंद करावा. पंखा चालू राहू द्यावा. बाहेर ४५ अंश असले तरी तेवढ्याने गारवा मोडत नाही. संध्याकाळनंतर आणि हिवाळ्यात बाण सतत बंदच ठेवावा. काही नव्या गाड्या हे अदलाबदलीचे काम आपोआप करतात, सगळ्या नाही. आपली करते का, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. चालकाला झोप येत असेल, तर हवा बदलून ती जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे डोळे मिटावेत.

बाण दाबून ठेवायच्या जागाही आहेत. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या रस्त्यावर राखेचा ट्रक पुढे असताना, वाडीजवळ ट्रकांच्या रांगेत, भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या वाऱ्यात, खोदकाम चाललेल्या कुठल्याही रस्त्यावर काच वर आणि बाण दाबलेला हवा. ट्रक मागे पडला, की बाण लगेच बंद. गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर घाण असेल तर या सगळ्याचा उपयोग निम्माच. तो बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. दोन्ही बाजूंच्या खुंट्या आत दाबल्या की कप्पा खाली येतो आणि फिल्टर हाताने ओढून काढता येतो, पाना-पेचकस लागत नाही. १० ते १५ हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा नवा टाकावा. आपल्याकडच्या धुळीत मी तर दहाच म्हणेन. झटकून तोच परत बसवला तर वरची माती जाते, बारीक कण जाळीत रुतून राहतात. बसवताना हवेच्या दिशेचा बाण पाहावा. एसीला कुबट वास येत असेल, तर घर येण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी एसी बंद करून पंखा चालू ठेवावा. आतली ओली जाळी वाळते आणि बुरशी धरत नाही.

काच उघडायचीच असेल, तर ती कुठली, यालाही अर्थ आहे. चालत्या गाडीत हवा सहसा मागच्या खिडकीतून आत शिरते आणि पुढच्या खिडकीतून बाहेर जाते. म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या काचा, चालकाची आणि मागची डावी, चार बोटे उघडल्या तर वारा संपूर्ण गाडीतून तिरपा जातो. चारही काचा सताड उघडण्याची गरज नसते. मागच्या डाव्या सीटवर लहान मूल असेल, तर धूळ आधी त्याच्या तोंडावर येते. त्याला दुसरीकडे बसवावे. फक्त मागची एकच काच उघडली, तर कानांत ढब-ढब असा दाब बसतो, पुढची एक काच दोन बोटे उतरवली की तो थांबतो. डिक्की अर्धवट उघडी ठेवून मात्र कधीच चालवू नये. गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो. आणि मुलांना खिडकीतून किंवा सनरूफमधून डोके बाहेर काढू देऊ नये. संक्रांतीच्या आसपास बंदी असलेला नायलॉन मांजा शहरात कुठे लोंबत असेल याचा नेम नसतो.

काचा लावून गाणी मोठ्याने लावली, की मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेचा भोंगा ती अगदी मागे येईपर्यंत ऐकू येत नाही. चौकात पोहोचताना आवाज कमी करावा आणि चालकाची काच दोन बोटे उतरवावी. धुक्याच्या सकाळी अनोळखी वळणावरही तसेच, तिथे डोळ्यांपेक्षा कान आधी सांगतात.

पावसाळ्यात समोरची काच धूसर झाली, की आधी बोट फिरवून पाहावे. ओल आत असेल, तर बाण बंद, एसी चालू, हवा समोरच्या काचेकडे. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून थंडीतही तो लावायचा. ओल बाहेरून असेल, तर काच फार गार झाली आहे: वायपर फिरवून एसीचा गारवा कमी करावा. लोक नेमके उलट करतात, बाण दाबून ठेवतात, आणि चौघांच्या श्वासाची वाफ काचेवर बसत राहते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात पाणी कसे घुसले हे सर्वांनी पाहिले आहे. भुयारी रस्त्यात पाणी दिसले, तर गाडी घालूच नये. अडकलात, तर पहिली हालचाल काच उतरवण्याची. एक मीटर रुंद दरवाज्याबाहेर अर्धा मीटर पाणी असेल, तर त्यावर सव्वाशे किलो वजनाइतका दाब असतो, दरवाजा ढकलून उघडत नाही. पाणी विजेच्या तारांपर्यंत पोहोचले की काचेची मोटरही कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. काच फोडावीच लागली, तर बाजूच्या काचेचा कोपरा गाठावा, तोही सीटच्या डोके टेकण्याच्या भागाच्या लोखंडी टोकाने. समोरची काच दुपदरी असते, ती फुटत नाही. बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये, पाणी आत ओढले गेले तर इंजिनातले कनेक्टिंग रॉड वाकतात.

उभ्या गाडीविषयी दोनच गोष्टी. इंजिन आणि एसी सुरू ठेवून, काचा लावून गाडीत झोपू नये. सायलेन्सर कुठे गळत असेल किंवा गाडी बंद शेडमध्ये असेल, तर आत येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. बाण बंद करून बाहेरची हवा घेणे इथे वाचवत नाही, कारण विष बाहेरूनच येत असते. दुसरे, जून २०२३ मध्ये पाचपावली भागात बंद गाडीत अडकून तीन लहान मुले दगावली. अंगणात उभी असलेली गाडी, विशेषतः वापरात नसलेली, डिक्कीसकट कुलूपबंद ठेवावी, आणि चार-पाच वर्षांच्या मुलालाही हॉर्न दाबायला शिकवावे. बऱ्याच गाड्यांत किल्ली नसतानाही तो वाजतो. आपल्या गाडीत वाजतो का, ते आजच पाहावे.

माझी विनंती अशी, की ड्रायव्हिंग स्कूलांनी क्लच आणि रिव्हर्सइतकाच अर्धा तास या बटणासाठी द्यावा, शोरूममधून नवी गाडी देताना ते दाबून दाखवले जावे, आणि शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यावर एक प्रश्न असावा. नवतपाच्या आधी आपल्या दैनिकाने या चित्राचा फोटो आणि काचा उघडण्याचा क्रम एका चौकटीत छापला, तर तो कापून कितीतरी लोक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतील.

आपला,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर