पेटीवाल्यास पियानोवाल्याचं उत्तर

नौपाडा, ठाणे
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल हिने वेगळं लिहिलंय, तेलाच्या नावासकट. आपण आधी भांडण मिटवू. तू लिहिलंस, "आपली जुनी गाणी पियानोवर वाजवली की रिंगटोनसारखी लागतात. ज्या वाद्यात मींड नाही त्यातून गाणं कुठून निघणार?" हे पेटीसमोर बसून लिहिलंस का रे? पेटीत तरी कुठली आलीये मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं? आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावून घेतलं ते १९७१ पर्यंत उघडलं नाही, त्यामागे हीच तक्रार होती. हा टोमणा सारंगीवाल्याने मारावा, आपण ऐकून घेऊ. पेटीवाल्याने नव्हे.

तरी तुझ्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, फक्त बोट भलतीकडे ठेवलंयस. पियानोची अडचण मींड ही नाहीच. भाता हलतोय तोवर पेटीचा स्वर जिवंत असतो, वाटलं तर तू तो फुगवतोस, वाटलं तर दाबतोस. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो आणि तू काही करू शकत नाहीस. माझा डिजिटल आहे, त्यात ना हातोडी आपटते ना तार हलते, पण बनवणाऱ्यांनी ही खोडसुद्धा इमानदारीने उतरवली आहे. त्यामुळे जे गाणं लांबलचक ठेवलेल्या स्वरांवर उभं आहे ते पियानोवर हातातून निसटतं. तलत महमूदच्या गळ्यातल्या त्या कंपाचं तर नावच काढू नको.

यावर उपाय आहे. खालच्या सप्तकातले स्वर जास्त वेळ रेंगाळतात, वरचे चटकन संपतात. म्हणून मुकेशची गाणी आपण नेहमी खालच्या सप्तकात वाजवायची. 'दोस्त दोस्त ना रहा' घे. 'संगम' १९६४ चा, संगीत शंकर-जयकिशन, शब्द शैलेंद्रचे, आणि पडद्यावर पियानोवर बसलेला राज कपूर. त्यातला 'रहा' लांबतो. वरच्या सप्तकात वाजवलं तर तो 'रहा' पुढच्या ओळीपर्यंत पोचतच नाही, मध्येच खिंडार पडतं. एक सप्तक खाली आणलं, डाव्या हाताने कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीचे) स्वर एकेक करून सावकाश सोडले आणि स्वर रेंगाळत ठेवणारं पायाखालचं पेडल कॉर्ड बदलताक्षणी उचलून पुन्हा दाबलं, की ते गाणं बसतं. पेडल उचलायला उशीर झाला तर मागची कॉर्ड पुढचीत मिसळून नुसता गोंगाट होतो. आणि कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटता लागणारा स्वर, हवा असेल तर काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढरीवर तेच बोट घसरू द्यायचं. उलटं, पांढरीवरून काळीवर, जमत नाही, कारण काळी उंच असते. म्हणजे 'सा' कुठला धरून वाजवायचं हे पुष्कळदा गळा ठरवत नाही, हा एवढासा कण ठरवतो. तुझ्या पेटीत असलं राजकारण नाही, हे मान्य.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती सांगतो. आपल्या सिनेमात पियानो नेहमी पार्टीतच का असतो? 'अंदाज'पासून बघ, १९४९, दिग्दर्शक मेहबूब खान, संगीत नौशाद. दिलीप कुमार पियानोवर, आवाज मुकेशचा (आणि त्याच चित्रपटात राज कपूरला रफीचा आवाज, यावरून आपण कॉलेजात पैज लावली होती, तुला आठवत असेलच). तो गातो भरलेल्या दिवाणखान्यासाठी, पण निरोप असतो एकाच माणसाला. बाकीचे ग्लास हातात धरून माना डोलावतात आणि त्या एकाच माणसाचा चेहरा उतरतो. 'गुमराह'मध्ये सुनील दत्त हेच करतो, 'ब्रह्मचारी'त शम्मी कपूर हेच. गिटार घेतली की फिरता येतं, बाकी लोक ताल धरतात. पियानोवाला एकदा बसला की जागचा हलू शकत नाही. चारचौघांसमोर त्याला तिथेच बसून सगळं बोलावं लागतं. दिग्दर्शकांना ते फार सोयीचं पडत असणार. पडद्यावर बोटं एकीकडे आणि सूर भलतीकडेच, हा प्रकार पुष्कळ वेळा दिसतो, त्याकडे काणाडोळा करायचा.

खरी बोटं वेगळ्याच लोकांची. त्यातले पुष्कळसे गोव्याचे. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे आणि सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर ती पाश्चात्त्य नोटेशनमध्ये (स्वरलिपीत) वाद्यवृंदासाठी लिहून काढायचे. आपण पोरवयात रेडिओवर निवेदकाकडून गायक, गीतकार, संगीतकार एवढं ऐकायचो, पण जो म्युझिक पीस तोंडाने वाजवत शाळेत जायचो तो कोणी लिहिला हे कधी कानावर आलं नाही. आता तेच पीस वाजवायला बसलो की कळतं किती काम केलंय या माणसांनी.

माझी आवडनिवड विचारलीस म्हणून सांगतो. पियानोसाठी सगळ्यात नेटकं गाणं 'आपके हसीन रुख पे'. ओ. पी. नय्यर, रफी, 'बहारें फिर भी आएंगी'. रफी एक ओळ म्हणून थांबतो आणि त्या जागेत पियानो बोलतो, पुन्हा रफी. वाजवणाऱ्याला दोन्ही भूमिका मिळतात. 'ब्रह्मचारी'तलं 'दिल के झरोके में' मात्र मला एकट्या पियानोवर उघडं पडल्यासारखं वाटतं. मागे व्हायोलिनचा तो ताफा नसेल तर त्यातला संताप निघून जातो, नुसता रुसवा उरतो. आणि 'गुमराह'मधलं 'चलो इक बार फिर से' मी वाजवतच नाही. साहिरचे शब्द वगळून ते ऐकवण्यात अर्थ नाही. कोणी गाणार असेल तर साथ करतो.

आता कोजागिरीचं. यंदा सोसायटीने गच्चीवर दूध ठेवलं होतं आणि माझं पियानोचं धूड वर चढवायला चार पोरं लावली (लिफ्ट नेमकी त्या दिवशी बंद). मी अट घातली, गाण्याचं नाव कोणी सांगायचं नाही, मी फक्त म्युझिक पीस वाजवणार, ओळखायचं तुम्ही. मग मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात वाजवली, १७८८ सालची. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पियानोच्या ग्रेडच्या परीक्षा देतो, तो उडी मारून ओरडला, "मोझार्ट! जी मायनर!" त्याच वेळी त्याची आजी दुधाचा पेला खाली ठेवून म्हणाली, "कसला मोझार्ट, हे 'छाया'तलं तलत-लताचं आहे, 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा'." दोघंही बरोबर! सलील चौधरींनी तो तुकडा उचलून १९६१ मध्ये गाण्याचा मुखडा केला. पण दोघांपैकी एकही माघार घेईना. शेवटी डाव्या हाताची मोझार्टचीच चाल ठेवून आजींना गायला लावलं आणि नातू पहिल्यांदाच आजीकडे गाणारी म्हणून बघत होता. मग त्याने मला विचारलं, "काका, याचं नोटेशन मिळेल?" त्याच्या परीक्षेच्या पुस्तकात नाही ना ते.

त्यानंतर बायकांनी ताबा घेतला. शेजारच्या काकूंनी 'जेथे सागरा धरणी मिळते' काढलं. वसंत प्रभूंची चाल आणि शब्द पी. सावळारामांचे, म्हणजे आमच्या ठाण्याचे एकेकाळचे नगराध्यक्ष. नगराध्यक्षाने लिहिलेलं प्रेमगीत अशी गोष्ट दुसऱ्या कुठल्या गावाने सांगून दाखवावी! मी पट्टी, म्हणजे 'सा' कुठल्या स्वरावर धरणार ते, विचारली तर काकू म्हणाल्या, "काळी चार." सुरुवात केली काळी पाचमध्ये, आणि अंतऱ्याला पोचेपर्यंत पुन्हा काळी चारात. मी गुपचूप ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी वरखाली करणारं, बटण दाबत त्यांच्या मागे धावत होतो. तू याला लबाडी म्हणशील. म्हण. पण काकूंचा गळा मोकळा सुटला होता आणि खालच्या मजल्यावरचे ते नेहमी आवाजाची तक्रार करणारे गृहस्थ स्वतः टाळी धरून बसले होते. एरवी रात्री नऊनंतर मला हेडफोन लावूनच वाजवावं लागतं त्यांच्यापायी.

तर आता कामाचं. दिवाळीच्या आधी ये. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर आणि राम मारुती रोडवर पोरापोरींची जी गर्दी उसळते तिच्यात आपल्या वयाच्या माणसांचं काही खरं नाही, म्हणून आदल्या रविवारीच घरी बैठक लावू. घोडबंदर रोडवरून येऊ नकोस, मेट्रोच्या कामात तासभर अडकशील. ट्रेनने ये, स्टेशनवर मी येतो. पेटी घेऊन ये. तुझी पेटी किंचित चढी आहे हे मला ठाऊक आहे, पण माझ्या यंत्रात सगळा सूर तेवढाच वर नेण्याची सोय आहे, तेव्हा ती सबब चालणार नाही. 'चलो इक बार'ला तू गा, मी साथ करीन, आणि लांब स्वर येतील तिथे भाता तू चालव, मी हात उचलून गप्प बसेन.

आणि तुझ्या त्या निळ्या वहीत 'धुंदी कळ्यांना'च्या अंतऱ्याचं नोटेशन लिहिलेलं आहे, त्याचा फोटो काढून आजच पाठव. मला डाव्या हाताचं बसवायला आठवडा तरी लागेल.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावताय ना, असं हिने विचारलंय.

तुझा,
ठाणेकर