काका, तुम्ही उलटी धरलेली यादी

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय वाऱ्यावर नेता. अगदी शब्दशः. "त्या गवताचे शेंडे बघ, किती असेल वारा?" असं विचारता, मी अंदाज करत बसतो आणि बोलायचं ते राहून जातं.

लांब पल्ल्याची शिकारी रायफल आपल्या मनासारखी बांधून घ्यायची, हे माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं. परवाना हातात आला तसा मी यादी घेऊन तुमच्याकडे आलो. सतरा वस्तू होत्या. सगळ्यात वर टायटॅनियमची खास घडवलेली ॲक्शन, म्हणजे काडतूस आत घेऊन बंद करणारी मधली यंत्रणा. मग कार्बन फायबर गुंडाळलेली नळी, कार्बनचाच दस्ता, काडतूस .३०० विंचेस्टर मॅग्नम, तोंडाला धक्का कमी करणारा मझल ब्रेक. अगदी तळाला, उरल्यासुरल्या पैशांत, "दुर्बीण (जमेल ती)". काडतुसं यादीत नव्हतीच. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ती वाचलीत, कागद फिरवून तळ वर केलात आणि म्हणालात, "आता इथून सुरू कर."

मग विचारलंत, "किती लांबून मारणार?"

मी छाती फुगवून हजार मीटर सांगितलं.

"कागदावर की जिवावर?"

त्याच दुपारी तुमची जुनी .३०८ काडतुसाची रायफल माझ्या हातात दिलीत आणि २० सेंटिमीटरच्या कागदी थाळ्या टांगल्यात. मध्यम आकाराच्या हरणाच्या काळजा-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच, असं म्हणालात. झोपून मारायची मुभा नव्हती. टेकाड चढून यायचं, पाठपिशवी आडवी टाकायची आणि छाती धडधडत असतानाच नेम धरायचा. शंभरावर पाचपैकी पाच लागल्या, दोनशेवरही पाच. तीनशेवर तीन. चारशेवर एक, आणि तीही थाळीच्या काठाला. मी रायफलला दोष द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही तिथेच, त्याच रायफलीने, न झोपता, चारशेवर चार लावून दाखवल्यात. "तुझी हद्द आज दोनशे. रायफलची नव्हे, तुझी." काका, तो दिवस मला अजून आवडत नाही. पण माझे निम्मे पैसे त्या दिवशी वाचले.

मॅग्नमवर तुम्ही काट मारलीत तेव्हा मात्र मी भांडलो. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ची, जगभर नाव कमावलेली. तुम्ही नाव काढलंत ६.५ क्रीडमूरचं, २००७ सालच्या काडतुसाचं. स्वतः १९५२च्या .३०८ला चिकटून बसलेल्या माणसाने मला नवं घ्यायला सांगावं याचं हसूच आलं. पण हिशेब पक्का होता. लांब, सडपातळ, १४० ग्रेनच्या, म्हणजे ९ ग्रॅमच्या, आसपासची गोळी. वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ८२० मीटर. हवा कापत जाते म्हणून तो वेग टिकून राहतो. इतकी लांब गोळी हवेत स्थिर राहायची तर नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, साधारण दर ८ इंचाला एक फेरा लागतो, आणि या काडतुसाच्या कारखानी रायफलीत तो आयता मिळतो. त्यासाठी नळी बदलून घ्यावी लागत नाही. धक्का कमी, त्यामुळे डोळे मिटत नाहीत आणि गोळी कुठे लागली ते आपलं आपल्याला दिसतं. नळीचं आयुष्यही मोठं: नीट वापरली तर अडीच-तीन हजार गोळ्या, मॅग्नमची त्याच्या निम्म्यावर येते. "आणि वेग सेकंदाला ५५० मीटरच्या खाली गेला," तुम्ही म्हणालात, "की बऱ्याच शिकारी गोळ्या हव्या तशा फुलत नाहीत. हिला तिथवर उतरायला पाचशे मीटरच्या पुढे जावं लागतं. तुझी हद्द दोनशे. भांडतोयस कशासाठी?"

टायटॅनियमच्या ॲक्शनच्या जागी तुम्ही जुन्या बाजारातली रायफल बघायला लावलीत. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७००च्या मापाची हवी, एवढीच अट. त्या मापाचे दस्ते, घोडे, दुर्बिणीच्या पट्ट्या इतके जण बनवतात की पुढे एकेक भाग बदलत नेता येतो. "ॲक्शन म्हणजे गाडी, नळी म्हणजे टायर. टायर झिजू दे, मग बदल. आणि बदलशील तेव्हा हेडस्पेस, म्हणजे बंद ॲक्शनमध्ये काडतुसाला मिळणारी जागा, मोजून देणाऱ्या चांगल्या कारागिराकडेच जा, तिथे काटकसर नको." मला सगळं एकदम नवंकोरं हवं होतं. खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असतो हे तुमच्यामुळे कळलं. मिळालेल्या रायफलीचा दस्ता ओरखडलेला होता, पण तुम्ही आधी नळीत कॅमेरा घालून आटे बघितलेत, तोंडाची कड नखाने चाचपलीत आणि दस्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत.

आता दुर्बिणीबद्दल. इथे मी तुमचं ऐकलं नव्हतं, हे सगळ्यांसमोर कबूल करतो. यादीत तुम्ही दुर्बिणीला सगळ्यात मोठा वाटा दिला होतात, रायफलीपेक्षाही जास्त. मी मध्येच एक झगमगीत दुर्बीण स्वस्तात उचलली. २५ पट मोठं दाखवणारी, टरेट (नेम सरकवायच्या चकत्या) कट्कट् वाजणारे. तुम्ही काही बोलला नाहीत. सव्वा मीटर लांब कागद टांगलात, ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मारलीत आणि शंभर मीटर अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजायला लावलंत. रेघेच्या तळाशी तीन गोळ्या मारल्या. मग टरेट १० मिल चढवून, नेम त्याच तळावर धरून, आणखी तीन. एक मिल म्हणजे शंभर मीटरवर १० सेंटिमीटर, म्हणजे वरची तिकडी बरोबर एक मीटर वर यायला हवी. तुमचा टेप ९६वर थांबला.

"चारच सेंटिमीटर," मी म्हणालो.

तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत. शंभर मीटरवर नेम जुळवून टरेट शून्यावर ठेवलेल्या या रायफलीला ४५० मीटरवर सुमारे २.९ मिल चढवावे लागतात, म्हणजे १३० सेंटिमीटर. त्याचे शंभरात चार म्हणजे पाचेक. "हे चालवून घेता येईल, चूक ठरलेली असली तर. आता खाली आण." टरेट परत शून्यावर आणला आणि तीन मारल्या. पहिल्या तिकडीपासून तीन सेंटिमीटर डावीकडे पडल्या. पुन्हा चढवून पुन्हा उतरवला, तर या वेळी दोन उजवीकडे. तुम्ही टेप गुंडाळून खिशात टाकलात आणि घरी निघालात. ती दुर्बीण मी परत केली, थोडं नुकसान सोसून. नंतर घेतली ती ३ ते १५ पटीची, दिसायला मठ्ठ. पण १० मिलला टेपवर मीटरभर दाखवते आणि दर वेळी आपल्या शून्यावर परत येते.

मझल ब्रेक खोडताना "कानांचा शत्रू" एवढेच दोन शब्द बोललात. कार्बनचा दस्ताही गेला. त्याच्या जागी तुम्ही एक जुनी फोमची चटई घेऊन बसलात, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्यात आणि मला डोळे मिटून गाल टेकवायला लावून एकेक थर चढवत गेलात. मी डोळे उघडले की दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडेला काळी सावली नको. तिसऱ्या थराला जमलं. वरून कापडी चिकटपट्टी. उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि गालाला लागतो, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

या सगळ्यातून जे वाचलं त्याची एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, काडतुसं घेतली. सोबत तुम्ही दिलेली वही. दर वेळी पहिली गोळी थंड नळीतून, तिचीच नोंद: तारीख, तापमान, वारा, कुठे लागली. "जनावर दुसरी गोळी मारायला थांबत नाही." वाऱ्याचा रकाना मात्र बराच काळ खोटा होता. मी मनाला येईल तो आकडा लिहायचो, आणि तुम्ही तो न बघताच ओळखायचात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ४५० मीटरवर या गोळीला ३५ ते ४० सेंटिमीटर ढकलतो, म्हणजे थाळीच्या पार बाहेर. हे कुठली महागडी नळी भरून काढणार?

हंगामात एकच काडतूस लागलं. अंतर २३० मीटर, टरेट ०.८ मिल. तोवर माझी हद्द तीनशेला पोचली होती, त्यामुळे हात थरथरला नाही. फारसा.

एक गोष्ट लपवली होती, तीही सांगून टाकतो. मी बायपॉड, नळीखाली लावायचा दोन पायांचा टेकू, घेतलाय. तुमच्या मते पाठपिशवी पुरते, आणि माझ्या मते सपाट खडकावर ती पुरत नाही. तुम्ही येता तेव्हा तो गाडीत राहतो.

वहीत आता ६४० गोळ्या झाल्या आहेत. नळी अजून बरीच वर्षं जाईल. दस्ता मात्र या वर्षी बदलायचा विचार आहे, म्हणून नवी यादी घेऊन येतोय. चारच वस्तू आहेत आणि काडतुसं सगळ्यात वर. पेन्सिल तयार ठेवा. चटईच्या पट्ट्या काढून नव्या दस्त्यालाच लावणार आहे, फक्त चिकटपट्टी या वेळी मी आणतो.

तुमचा,
पेन्सिलवाला पोरगा