आम्हा जवानांचे नाव पुढे करून महिला अधिकाऱ्यांची पेन्शन अडवली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी लष्कराच्या सिग्नल कोअरमधून, म्हणजे फोन-वायरलेसचे दळणवळण सांभाळणाऱ्या शाखेतून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. महिनाअखेरीस माझी पेन्शन बँकेत जमा होते. ज्या कॅप्टन मॅडमच्या हाताखाली मी काम केले, त्या मात्र १४ वर्षे फौजेत काढून पेन्शनशिवाय घरी गेल्या.

जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते, अधिकाऱ्याला २० वर्षांनंतर. १९९२ पासून मुली वैद्यकीय सोडून इतर शाखांतही शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर, अधिकारी होऊ लागल्या, पण त्यांची सेवा फार तर १४ वर्षांपर्यंत वाढायची. त्यांच्यासारख्याच शॉर्ट सर्व्हिसवर आलेल्या पुरुषाला कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक, मागता येई आणि त्याची २० वर्षे भरत. सिग्नलमधल्या बाईला तसा अर्ज करायचीही सोय नव्हती. बाई आहे एवढ्याच कारणाने म्हातारपणाची भाकरी तोडली.

मला सर्वांत जास्त लागले ते सरकारने सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलेले कारण. जवान बहुतेक ग्रामीण भागातले, बाई अधिकाऱ्याचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही, असे! अहो, तो ग्रामीण भागातला जवान म्हणजे मीच. मला कोणी विचारले? आमची अख्खी शेती आईच्या शब्दावर चालायची, वडीलही तिला विचारल्याशिवाय बैल विकत नसत. सरहद्दीवर बर्फात फोनची लाइन तुटली की मॅडम लाइन पार्टीबरोबर बाहेर पडायच्या, केबलच्या ड्रमला हात लावायच्या. त्यांचा हुकूम मोडायचे कोणाच्या मनातही आले नाही.

महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या बबिता पुनिया खटल्यात १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हे कारण फेटाळले. महिलांचा कायम कमिशनसाठी विचार करा आणि १४ वर्षे उलटूनही सेवेत असलेल्यांना पेन्शनपुरती २० वर्षे भरू द्या, असा आदेश दिला. पण त्याआधीच ज्यांना घरी पाठवले त्यांचे काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये हवाई दलातून कमी केलेल्या ३२ महिला अधिकाऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मार्ग दाखवला: ज्या पात्र ठरतील त्यांची सेवा २० वर्षे झाली असे धरून पेन्शन द्या. त्या कोर्टात लढल्या. आमच्या मॅडम गेल्या नाहीत. दोन मुलांची शिक्षणे चालू असताना दिल्लीत वकील लावणे प्रत्येकीला जमत नाही.

संरक्षण मंत्रालयाने लष्करातून अशा गेलेल्या सर्वच महिला अधिकाऱ्यांना, खटला लढलेल्या असोत वा नसोत, हाच न्याय लावावा. वन रँक वन पेन्शनसाठी आम्ही माजी सैनिक जंतरमंतरपर्यंत गेलो, तेव्हा या बायकांचा प्रश्न कोणाच्या फलकावर मला दिसला नाही. आता सातारा जिल्ह्यातल्या माजी सैनिकांनी तसा ठराव करून मंत्रालयाला पाठवावा. आमच्या गावच्या बैठकीत तो मी मांडणार आहे, आणि ‘ग्रामीण भागातले जवान’ म्हणूनच आम्ही खाली सह्या करू.

— एक निवृत्त सुभेदार, ता. कोरेगाव, जि. सातारा