एचपीव्हीची लस मुलग्यांनाही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध मुलींना लस द्या, असे अलीकडे बरेच छापून येते. ते योग्यच आहे. पण त्यातून या कर्करोगाला कारण ठरणारा, शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू ‘म्हणजे बायकांचे दुखणे’ हा समज घट्ट होतो आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२३ साली आलेल्या जागतिक आढाव्यानुसार १५ वर्षांवरील जवळपास दर तिसऱ्या पुरुषाच्या जननेंद्रियावर हा विषाणू सापडतो आणि दर पाचव्याकडे कर्करोगाला कारण ठरणारा प्रकार असतो. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकून राहतो, प्रश्न त्यांचा आहे.

‘मग माझीही तपासणी करा’ असे पुरुष म्हणतात, तेव्हा अडचण होते. स्त्रियांसाठी पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आहे, एचपीव्ही चाचणी आहे. लक्षणे नसलेल्या पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त चाचणी नाही. रक्तातून हे कळत नाही. लिंगाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला तरी विषाणू मारणारे औषध नसल्याने पुढे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. अशा तपासण्यांच्या ‘पॅकेज’वर पैसे घालवू नयेत.

या विषाणूचे डोळ्यांना दिसणारे लक्षण म्हणजे चामखीळ. लिंगावर, अंडकोषावर, गुदद्वाराभोवती फुलकोबीसारखे उगवणारे हे कोंब ९० टक्के वेळा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या क्रमांकांच्या प्रकारांमुळे येतात आणि हे प्रकार सहसा कर्करोग करत नाहीत. लिंगाच्या बोंडाच्या कडेने ओळीत असलेले बारीक, एकसारखे दाणे मात्र नैसर्गिक असतात. त्यांना हात लावू नये. चामखिळीवर चुना, बिब्बा किंवा हातापायांच्या भोवऱ्यांचे औषध लावले, तर नाजूक कातडी भाजते, जखम चिघळते आणि खरे निदान झाकले जाते. सिफिलिस या गुप्तरोगाचे चट्टेही असेच दिसू शकतात, म्हणून व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी सोबत करावी. उपचार म्हणजे द्रव नायट्रोजनने गोठवणे, विद्युतदहन किंवा इमिक्विमॉड मलम: आठवड्यातून ३ रात्री लावायचे, ६ ते १० तासांनी धुवायचे, जास्तीत जास्त १६ आठवडे. कोंब गेले तरी पहिल्या काही महिन्यांत पुन्हा येऊ शकतात. संसर्ग आणि कोंब यांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते, त्यामुळे त्यावरून जोडीदारावर संशय घेण्यात अर्थ नाही. (घरोघरी भांडणे यावरूनच होतात.) कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, न झाकलेल्या कातडीतूनही विषाणू जातो.

कर्करोगाकडे वळू. लिंगाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत, तर गुदद्वाराच्या बहुतांश कर्करोगांत एचपीव्ही आढळतो. लिंगाची पुढची कातडी मागे न जाणे, तिच्या आतला मळ साचणे आणि तंबाखू यांनी लिंगाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. घशात टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या जागा एचपीव्हीच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराच्या आवडीच्या. आपल्याकडे गाल-हिरड्यांचे कर्करोग मुख्यतः तंबाखू-गुटख्याचे, ते वेगळे. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा घसा किंवा कान दुखणे, गिळताना अडथळा, यांतले काही ३ आठवड्यांवर टिकले तर तंबाखू न खाणाऱ्यानेही कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. नुसती अँटिबायोटिके बदलत बसू नये.

चाळणी तपासणीच नसल्याने पुरुषांच्या बाबतीत लसीचे महत्त्व उलट वाढते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या एचपीव्ही लसीला ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी परवानगी आहे. ९ ते १४ वयात २ डोस, ६ महिन्यांच्या अंतराने. १५ पासून ३ डोस, म्हणजे पहिल्यानंतर दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. डोस लांबला तर उरलेला घ्यावा, पहिल्यापासून सुरुवात नको. टोचल्यावर १५ मिनिटे बसवून ठेवावे, कारण या वयात भोवळ येते. झालेला संसर्ग लस घालवत नाही, म्हणून ती लवकर हवी. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून, ब्रिटनने २०१९ पासून शाळेत मुलग्यांनाही ती दिली. मात्रा अपुऱ्या असतील तेव्हा आधी मुलींना, हे धोरण आम्हालाही मान्य आहे. पण ज्यांना खासगीत परवडते, त्यांनी मुलाला १० व्या वर्षीच्या धनुर्वात-घटसर्पाच्या इंजेक्शनला नेताना बालरोगतज्ज्ञांना या लसीबद्दलही विचारावे.

आपले,
त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांचा एक गट, कोल्हापूर