ध्रुवाकडे वाहणाऱ्या गोड्या पाण्याची मोजणी थांबू देऊ नका

प्रति,
मा. महासचिव,
जागतिक हवामान संघटना, जिनिव्हा

सादर नमस्कार.

जगातल्या समुद्रांच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का आर्क्टिक महासागरात आहे. पण नद्यांनी समुद्राला आणून दिलेल्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी अशा नद्या तिथे ओततात. भरीला ग्रीनलंड. उपग्रहांच्या मोजणीनुसार २००२ पासून तिथला बर्फ वर्षाला सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक घटतो आहे.

गोडे पाणी हलके असते, आणि काळजी त्याचीच आहे. उत्तर अटलांटिकमध्ये आलेले उबदार, खारे पाणी हिवाळ्यात गारठते, जड होऊन खोल बुडते आणि तळाने दक्षिणेकडे निघते. त्याची जागा घ्यायला वरून पुन्हा उबदार पाणी येते. पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा थर पसरला की गारठूनही पाणी पुरेसे जड होत नाही. हे बुडणे मंदावले तर उत्तरेला मिळणारी ऊब कमी होते आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतले, बर्फाने अडवून धरलेले अगासिझ सरोवर हडसन उपसागरामार्गे समुद्रात रिते झाले. त्यानंतर उत्तर अटलांटिकभोवती शतकाहून अधिक काळ गारठा वाढला, आशियातला मोसमी पाऊसही रोडावला. अंटार्क्टिकाभोवती वितळलेले पाणीही तळाकडे जाणारे पाणी असेच रोखू शकते.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार अटलांटिकचे हे अभिसरण या शतकात क्षीण होण्याची शक्यता फार मोठी आहे. ते २१०० पूर्वी अचानक कोसळणार नाही, याची खात्री मात्र ‘मध्यम’. कोट्यवधी माणसांच्या पावसाचा प्रश्न असताना एवढ्या खात्रीवर मी निर्धास्त राहू शकत नाही. त्यातून त्या अहवालामागच्या बहुतेक संगणकीय प्रारूपांत ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरच्या हिमस्तरांचे वितळपाणी धरलेलेच नाही.

या अभिसरणाची सलग मोजणी २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून सुरू आहे. एवढी छोटी नोंद मध्येच तुटली, तर ती वर्षे परत मोजता येणार नाहीत. उत्तरेच्या नद्यांवरची कितीतरी मापनकेंद्रे १९९० च्या दशकात बंद पडली, ती प्रामुख्याने पैशाअभावी.

मोजमाप सदस्य देश करतात, आपली संघटना नाही, हे मी जाणतो. पण कोब्लेंझचे जागतिक नदीप्रवाह माहिती केंद्र आपल्याच छत्राखाली चालते, आणि २०२१ चे माहिती-देवाणघेवाणीचे धोरणही आपलेच आहे. म्हणून विनंती अशी: आर्क्टिकला मिळणाऱ्या प्रत्येक मोठ्या नदीवर किती केंद्रे चालू आहेत आणि कोणत्या देशाची माहिती किती उशिरा पोहोचते, हे देशांची नावे घेऊन पुढच्या महाअधिवेशनापुढे मांडा. बंद केंद्रांसाठी निधी मागा. आणि हिमस्तरांचे वितळपाणी धरल्याशिवाय या अभिसरणाबद्दलचा कोणताही अंदाज संघटनेच्या नावाने देऊ नका.

आपला विश्वासू,
एक नागरिक