त्या कवट्या कोणाच्या होत्या?

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इरावती कर्वेंवरचा लेख आवडला, पण एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहितेय. बर्लिनमधले त्यांचे पीएच.डी.चे गाईड ऑयगेन फिशर यांचं म्हणणं, गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात म्हणून ते जास्त हुशार. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि असं काही नसतं हे गाईडलाच लिहून दिलं. भारीच! आम्ही शाळेत मुलांना हे सांगायचो तेव्हा वर्ग एकदम शांत व्हायचा.

पण कवट्या आल्या कुठून, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. थिआगो पिंटो बार्बोसा या मानववंशशास्त्रज्ञाने हाच धागा पकडलाय, त्यातल्या काही जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या होत्या. म्हणजे आजचा टांझानिया वगैरे भाग. तिथे मोशीला 1900 साली जर्मनांनी मांगी मेली या राजाला फाशी दिलं, त्याचं डोकं जर्मनीला नेलं असं लोक सांगतात आणि त्याचा नातू म्हातारा झाला तरी ते शोधत होता. 2023 मध्ये बर्लिनच्या संग्रहातल्या काही कवट्यांचा डीएनए तिकडच्या जिवंत नातेवाईकांशी जुळला. सव्वाशे वर्षं घरचा माणूस कपाटात नंबर लावून ठेवलेला, काय वाटलं असेल घरच्यांना.

नामिबियाचं तर विचारूच नका, तीही जर्मनांचीच वसाहत. फिशर 1908 मध्ये तिकडेच मोजमापं घ्यायला गेले होते, हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल नुकतीच झालेली. 2021 मध्ये जर्मनीने तो नरसंहार होता हे मान्य केलं, 30 वर्षांत 110 कोटी युरो देऊ म्हणाले, पण नुकसानभरपाई हा शब्द काही वापरला नाही, आणि वंशजांच्या संघटना म्हणतात बोलणी करताना आम्हाला नीट विचारलंच नाही.

बाईंना नावं ठेवायची नाहीयेत, त्यांच्याबद्दलचा आदर तसूभर कमी झालेला नाही. पण मोजायची ती पद्धत त्यांच्याबरोबर पुण्यातही आली, इथल्या जातीजातींच्या माणसांची डोकी-नाकं मोजली गेली, मराठ्यांच्या मापांचं पुस्तक 1948 चं आहे. ती मापं देणाऱ्यांच्या नातवंडांना हे माहीत तरी आहे का? तुमच्या वार्ताहराने गावोगाव जाऊन एकदा विचारावं, पुढच्या पुरवणीत वाचायला आवडेल.

एक निवृत्त शिक्षिका, पुणे